क्रियापदाच्या शेपटीवरून लेखनशैली कशी ओळखावी

एखादा उतारा समोर आला की नजर आधी जड शब्दांवर जाते. 'उपरोक्त' दिसले की कार्यालयीन, 'क्षितिज' दिसले की ललित, 'ऊर्जा' दिसली की शास्त्रीय. सोप्या उताऱ्यावर ही पद्धत चालून जाते. अवघड उताऱ्यावर ती हमखास फसते, कारण नामे विषयाची असतात. शैली राहते क्रियापदाच्या शेवटात, विभक्तीच्या प्रत्ययात आणि 'व', 'असून', 'तर', 'की' अशा बारक्या शब्दांत. नामे लिहिणारा निवडून घेतो. हे बारके शब्द त्याच्या हातून सवयीने पडतात. म्हणून तपासणी शेपटीपासून सुरू करायची.

एकच घटना पाच शैलींत लिहून पाहू. घटना साधी: वादळात झाड पडले.

पहिला उतारा: "विषयांकित प्रकरणी कळविण्यात येते की, दि. ५ रोजी झालेल्या वादळी पावसामुळे मुख्य रस्त्यालगतचा वृक्ष उन्मळून पडल्याने रहदारीस अडथळा निर्माण झाला असून, सदर वृक्ष तात्काळ हटविण्याची कार्यवाही आपले स्तरावरून करण्यात यावी व केलेल्या कार्यवाहीचा अहवाल या कार्यालयास सादर करावा."

दुसरा: "वाऱ्याच्या दाबामुळे खोडावर निर्माण होणारे आघूर्ण मुळांच्या धारणक्षमतेपेक्षा अधिक झाल्यास वृक्ष उन्मळतो. माती पाण्याने संपृक्त असल्यास ही क्षमता कमी होते. म्हणून समान वेगाच्या वाऱ्यात ओल्या मातीतील वृक्ष पडण्याची शक्यता अधिक असते."

तिसरा: "वादळी पावसात रस्त्याकडेचा जुना वृक्ष कोसळल्याने मंगळवारी सकाळी दोन तास वाहतूक ठप्प झाली. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. वृक्ष धोकादायक असल्याची तक्रार महिनाभरापूर्वीच केली होती, असे रहिवाशांनी सांगितले."

चौथा: "अगं, ते कोपऱ्यावरचं झाड पडलं की काल! मी म्हणत होते ना, हे पडणार एक दिवस म्हणून? पडलंच शेवटी."

पाचवा: "रात्रभर वारा दार ठोठावत होता. सकाळी पाहिलं, तर झाड आडवं. मुळं वर, आभाळाकडे. इतकी वर्षं जमिनीत दडवून ठेवलेलं सगळं उघड्यावर."

कार्यालयीन, शास्त्रीय, वृत्तपत्रीय, संवादी आणि ललित हे क्रमाने कुणीही सांगेल. कशावरून सांगितले, हे मात्र शब्दांत मांडता आले पाहिजे. पुढची सगळी तपासणी त्यासाठीच. हे पाच उतारे हाताशी ठेवा, वारंवार लागतील.

नमुना कुठून घ्यायचा

दीडशे ते दोनशे शब्दांचा सलग तुकडा घ्या आणि तो मजकुराच्या मध्यातून घ्या. सुरुवातीला मथळा, मायना, विषय, संदर्भ असतात. शेवटी सही, प्रत माहितीसाठी, आभार. या चौकटी शैली सांगून टाकतात आणि मग पुढची तपासणी डोळे मिटून होते. शिवाय चौकट एक आणि मजकूर दुसराच असे बरेचदा घडते. पत्राचा मायना लावलेला ललित लेख असतो, बातमीच्या जागी छापलेली जाहिरात असते. पन्नास शब्दांपेक्षा छोट्या तुकड्यावर ठाम निकाल देऊ नका. एखाददुसरे 'असून' तिथे सगळा तोल बिघडवते.

अवतरणचिन्हांतला मजकूर वेगळा काढून ठेवा. तो दुसऱ्याचा आवाज असतो. ललित लेखनातले संवाद मोजणीत धरले तर अख्खी कथा संवादी शैलीची ठरेल, आणि बातमीतली नेत्याची वाक्ये धरली तर बातमी भाषण ठरेल.

क्रियापद: निम्मे काम इथेच होते

तुकड्यातली सगळी मुख्य क्रियापदे अधोरेखित करा. मग प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा: याचा शेवट काय आहे, आणि हे कोण करत आहे?

'-ण्यात येते', '-ण्यात येत आहे', '-ण्यात यावे' ही रचना कर्त्याला वाक्याबाहेर काढते. कळवतो कोण, हटवायचे कोणी, हे पहिल्या उताऱ्यात कुठेच नाही. कार्यालयात व्यक्ती बोलत नसते, पद बोलत असते, म्हणून ही रचना तिथे रुजली. पण फक्त '-ण्यात' पाहून निकाल लावू नका, पुढचे क्रियापद बघा. 'करण्यात यावे' म्हणजे आदेश, तो कार्यालयाचाच. 'करण्यात आले' बातमीतही येते आणि समारंभाच्या वृत्तांतातही. 'बंधनकारक राहील', 'जबाबदारी संबंधितांची राहील' यांतले 'राहील' नियम, निविदा आणि करारांचे खास. रोजच्या बोलण्यात तिथे 'असेल' येते.

साधा वर्तमानकाळ, म्हणजे 'उन्मळतो', 'कमी होते', शास्त्रीय लेखनाचा कणा आहे. तिथे घटना एकदा घडलेली नसते, नेहमी घडणारी असते. सोबत '-ल्यास' ही अट आणि 'शक्यता अधिक असते', 'असे दिसते', 'असे मानले जाते' अशी सावध शेपूट. व्याख्या आली की '...ला ... म्हणतात' हा साचा. साध्या वर्तमानकाळाचा एक जुळा भाऊ आहे: गोष्ट रंगवताना वापरलेला वर्तमान. 'तो दार उघडतो. आत कुणीच नसते.' हा ललित आहे. फरक कर्त्यात सापडतो. शास्त्रीय वाक्याचा कर्ता जात असते, कुठलाही वृक्ष. ललित वाक्याचा कर्ता एकच असतो, हा तो.

बातमीची खूण '-ल्याचे' आणि '-ल्याची'. 'असल्याची तक्रार', 'केल्याचे समजते', 'होणार असल्याचे त्यांनी सांगितले'. बातमीदाराला प्रत्येक विधान कुणाच्या तरी नावावर टाकायचे असते. म्हणून क्रियापदाचे नाम करून ते 'सांगितले', 'स्पष्ट केले', 'आरोप केला' यांच्या दावणीला बांधले जाते. संवादी मराठीत हेच काम एकटे 'म्हणे' करते: 'झाड पडलं म्हणे.' चार अक्षरांच्या आत ऐकीव माहिती, आणि जबाबदारी कुणाचीच नाही.

ललित लेखनाकडे एक काळ जवळजवळ मक्त्याने आहे, तो रीतिभूतकाळ: 'तो रोज येई, ओट्यावर बसे, कुणाशी फारसे बोलत नसे.' बोलताना हे कुणी म्हणत नाही, 'यायचा, बसायचा' म्हणतो. कार्यालयाला त्याची गरज पडत नाही. दोनशे शब्दांत अशी तीन रूपे सापडली तर ललित किंवा आठवणीपर लेखन, असे जवळपास नक्की धरा.

सूचना देणाऱ्या मजकुरात तीन पायऱ्या आहेत. 'झाकण काढावे' ही छापील पुस्तिकेची, थोडी जुन्या वळणाची. 'झाकण काढा' आजच्या माहितीपत्रकाची. 'झाकण काढायचं' तोंडी शिकवणाऱ्याची. एकाच मजकुरात तिन्ही मिसळल्या असतील तर तो बहुधा अनेकांनी मिळून लिहिलेला, किंवा तुकडे जोडून तयार केलेला. '-वे' मात्र दुहेरी आहे. 'अहवाल सादर करावा' हा हुकूम. 'किती वेळ असे बघत बसावे' हे स्वतःशीच बोलणे. समोर कुणी ऐकणारा आहे का, एवढे पाहिले की गोंधळ मिटतो.

आणखी एक बारकावा सहज सुटतो. 'कळविणे' की 'कळवणे', 'हटविण्याची' की 'हटवण्याची', 'करीत' की 'करत'? दोन्ही रूपे चालतात, पण 'वि' आणि 'री' औपचारिकतेकडे झुकतात. एकट्या 'वि' वर निकाल देता येत नाही. इतर खुणा काठावर असतील तेव्हा तो पारडे झुकवतो.

शेवटी, नसलेली क्रियापदे मोजा. पाचव्या उताऱ्यात चार वाक्यांना मिळून मुख्य क्रियापदे दोनच: 'होता' आणि 'पाहिलं'. 'झाड आडवं', 'मुळं वर' यांना क्रियापद नाही. क्रियापद गाळणे हे ललित लेखनात होते, मथळ्यात होते आणि जाहिरातीत होते. मथळा जागा वाचवतो, जाहिरात घाई करते, ललित लेखन थांबवून बघायला लावते. वाचताना आपण कुठे थांबतो, ते पाहिले की तिघे वेगळे होतात.

प्रत्यय आणि जोडशब्द

इथे तक्ता करण्यापेक्षा पायऱ्या लक्षात ठेवणे सोपे. वरून खाली, औपचारिकाकडून अनौपचारिकाकडे:

- 'शासनास', 'शासनाला'. '-स' प्रत्यय आज कार्यालयात आणि जुन्या गद्यात उरला आहे.
- 'न भरल्यास', 'भरले नाही तर', 'नाही भरलं तर'.
- 'तथापि', 'परंतु', 'मात्र', 'पण'. 'तथापि' कार्यालय आणि कायद्याचे. 'मात्र' वाक्यात दुसऱ्या जागी आला तर बातमीची सवय समजा. कायद्याच्या कलमाखाली 'परंतु' ने सुरू होणारा वेगळा परिच्छेद म्हणजे कलमाला जोडलेला अपवाद.
- 'सबब', 'म्हणून', 'त्यामुळे'. वाक्यारंभी 'सबब' दिसले की पुढे बहुधा निर्णय असतो.
- 'व', 'आणि', 'अन्', 'नि'.
- 'सदरहू', 'सदर', 'प्रस्तुत', 'हा'. यात 'प्रस्तुत' प्रबंधाचा, 'सदर' कार्यालयाचा, 'सदरहू' जुन्या दस्तांचा.
- 'तेथे', 'तिथे', 'तिथं'.

'असून' ला वेगळी जागा द्यावी लागते. 'झाला असून', 'सुरू असून', 'दाखल केला असून' हा दोन वाक्ये एकाच दोरीत ओवायचा सांधा कार्यालयात आणि बातमीत भरपूर, शास्त्रीय लेखनात बेताने, संवादात जवळपास शून्य. चौथा आणि पाचवा उतारा 'असून' घालून पुन्हा लिहून बघा. दोन्ही जागीच मरतात.

कार्यालयीन मराठीची एक खूण तर व्याकरणाच्या नियमाविरुद्ध टिकून आहे. एकारान्त नामाचे सामान्यरूप या-कारान्त करावे, म्हणजे 'करण्यासाठी' लिहावे, 'करणेसाठी' लिहू नये, असा मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांत स्पष्ट नियम आहे. तरीही 'रजा मिळणेबाबत', 'दुरुस्ती करणेकामी', 'आपले स्तरावरून', 'त्यांचे कार्यालयात' ही रूपे अर्जांत आणि टिप्पण्यांत जिवंत आहेत. विषयाच्या ओळीत '-णेबाबत' असेल तर पुढचा मजकूर न वाचताही पैज लावता येईल. चूक म्हणून नव्हे, खूण म्हणून ती टिपून ठेवा.

संवादी शैलीचे जोडशब्द वेगळेच काम करतात. 'ना', 'की', 'बरं का', 'तर', 'च', 'बुवा', 'अगं', 'अहो' हे समोरच्याला पकडून ठेवतात. चौथ्या उताऱ्यात 'अगं', 'पडलं की', 'होते ना', 'पडलंच' असे चार आहेत, आणि 'काल', 'एक दिवस' हे शब्द क्रियापदानंतर आले आहेत. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी बसते. त्याच्यामागून शब्द येऊ लागले की बोलण्याचा भास होतो, कारण बोलताना उरलेली माहिती मागाहून आठवते. ललित लेखकही शब्द क्रियापदानंतर नेतो, पण तो शेवटच्या शब्दावर जोर देण्यासाठी. वाक्य मोठ्याने वाचा. आवाज शेवटी पडला तर संवादी, शेवटी ठसला तर ललित. हे कानाचे काम आहे, सूत्रात बसत नाही.

अनुस्वार बघा

'केले, झाले, असे' की 'केलं, झालं, असं'? महामंडळाच्या नियमांत पात्राच्या तोंडच्या बोलण्यासाठी उच्चारानुसारी अनुस्वाराची सवलत आहे. एरवी एकारान्त रूपे लिहावीत असे त्यात सांगितले आहे. प्रत्यक्षात ललित लेख, स्तंभ आणि मुलाखती हे कुंपण केव्हाच ओलांडून गेले आहेत. म्हणून आजचा निष्कर्ष असा: निवेदनात सलग 'केलं-झालं' असेल तर कार्यालयीन आणि शास्त्रीय या दोन शक्यता बाद. एकारान्त रूपे असतील तर काहीच बाद होत नाही, कारण कथासुद्धा त्यांत लिहिल्या जातात. एकाच निवेदनात दोन्ही रूपे आलटून पालटून दिसली तर संपादन ढिसाळ.

अनुस्वारावरून काळही कळतो. नवे नियम १९६२ साली आले आणि १९७२ मध्ये चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. त्यांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्यामुळे 'नांव', 'कांहीं', 'तूं', 'पांच' असे लेखन दिसले तर मजकूर नियमांपूर्वीचा, किंवा त्या वळणावर हात बसलेल्या माणसाचा. 'घरांत' हे रूप तर सापळाच आहे: जुन्या लेखनात ते एका घराबद्दल असू शकते, आजच्या लेखनात अनेक घरांबद्दलच. उलटा पुरावा मात्र चालत नाही. नव्या आवृत्तीत जुने लेखन बदलून छापलेले असते, म्हणून अनुस्वार नाहीत यावरून मजकूर नवा ठरत नाही. विरामचिन्हे पूर्णपणे गायब असतील आणि वाक्य कुठे संपते हे फक्त क्रियापदावरून कळत असेल तर आणखी मागे जा. मराठीत पाश्चात्त्य विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात रुळली, आणि त्याचे श्रेय इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते.

शब्दांचे थर

आता, आणि आताच, नामांकडे वळा. मराठीत एका अर्थाला तीन-चार थरांतले शब्द असतात: संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, घडून-झिजून आलेले, देशी, आणि फार्सी-अरबी, पोर्तुगीज, इंग्रजीतून आलेले. संस्कृत शब्द म्हणजे औपचारिक आणि परभाषेतला म्हणजे बोलीतला, ही समजूत सोडून द्या. 'अर्ज', 'मसुदा', 'दस्तऐवज', 'तारीख', 'वारस' हे फार्सी-अरबी वाटेने आलेले शब्द दफ्तराचे आहेत. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने दरबारी फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते, तरी कागदपत्रांतून हे शब्द हलले नाहीत. जमिनीच्या दस्तात 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' अजून समोरासमोर उभे राहतात, पोलिसांच्या कागदात माणूस 'इसम' होतो, आणि त्याच कागदात दोन ओळी खाली 'निष्पन्न' असा संस्कृत शब्द येतो. फार्सी आणि संस्कृत अशी शेजारी बसलेली दिसली की कायदा-पोलीस-महसूल या घराण्यातला मजकूर आहे असे समजा.

थर ओळखायची सोपी कसोटी म्हणजे मरणाचा उल्लेख. 'मयत' पोलीस आणि महसुली कागदात. 'मृत्यू झाला' बातमीत आणि वैद्यकीय लेखनात. 'निधन झाले' बातमीतच, पण मान्यवर व्यक्तीचे. अपघातात दगावलेल्याला वृत्तपत्र सहसा 'निधन' देत नाही. 'वारले' आणि 'गेले' घरच्या बोलण्यात. 'मृत्युदर' शास्त्रीय लेखनात, तिथे माणूस जाऊन आकडा आलेला असतो. अशीच एक शिडी 'बघणे, पाहणे, निरीक्षण करणे, अवलोकन करणे, अवलोकनार्थ सादर' अशी आहे. आपल्या कामाच्या क्षेत्रातल्या पाच-सहा अर्थांच्या अशा शिड्या स्वतः तयार करून ठेवल्या तर तपासणी झपाट्याने होते.

शास्त्रीय शैलीत प्रत्ययांची गर्दी असते: '-ता', '-त्व', '-ईकरण', '-आत्मक', '-नीय'. 'धारणक्षमता', 'वर्गीकरण', 'तुलनात्मक'. आणि एक शब्द एकाच अर्थाने पुन्हा पुन्हा येतो. दुसऱ्या उताऱ्यात 'वृक्ष' दोनदा आला, 'झाड', 'तरू' असे पर्याय शोधले नाहीत, कारण संज्ञा बदलली की वाचकाला वस्तू बदलल्याचा संशय येतो. ललित लेखक हाच शब्द पुन्हा आणतो तेव्हा त्यामागे लय असते. बातमीदार मात्र पर्याय शोधत राहतो. पहिल्या वाक्यात नाव, दुसऱ्यात पद, तिसऱ्यात 'ते'.

वाक्याची लांबी

मोजायला सोपी, म्हणून लोक तिच्यावर फार विसंबतात. पहिल्या उताऱ्यात ३८ शब्दांचे एकच वाक्य आहे, पाचव्यात २० शब्दांत चार वाक्ये. टोके अशी स्पष्ट असतात, मधले सगळे धूसर. सरासरीपेक्षा चढउतार पाहणे जास्त उपयोगी. कार्यालयीन वाक्ये सगळीच लांब, पाठ्यपुस्तकाची सगळीच मध्यम, आणि अग्रलेखात लांबलचक वाक्यानंतर अचानक तीन शब्दांचे. 'हे कसे चालेल?' असा ठोसा मारायला जागा ठेवलेली असते. मोजताना ध्यानात घ्या की मराठीत शब्दयोगी अव्यये नामाला चिकटतात. 'रस्त्यालगतचा' हा एक शब्द आहे. इतर भाषांचे शब्दसंख्येचे ठोकताळे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

वाचक कुठे उभा आहे

'आपण' आणि 'आम्ही' हा भेद मराठीला फुकट मिळालेला आहे. 'आम्ही' वाचकाला बाहेर ठेवते, 'आपण' आत घेते. जाहीरनामा 'आम्ही करू' म्हणतो, अग्रलेख 'आपण विसरतो' म्हणतो, पाठ्यपुस्तक 'आता आपण पाहू' म्हणते. कार्यालयीन पत्रातला 'आपण' हा आदराचा 'तुम्ही' असतो, तो या हिशेबात धरू नका.

कुठे फसायला होते

सर्वांत जास्त चुका विषयावरून शैली ठरवल्याने होतात. ग्रहताऱ्यांवरचा लेख शास्त्रीय असेलच असे नाही. 'आपल्या डोक्यावरचा हा दिवा किती जुना असेल?' असे विचारणारा लेख लोकविज्ञानाचा, म्हणजे शास्त्रीय माहितीवर ललित आणि संवादी कपडे चढवलेला. तिथे नामे शास्त्रीय असतात, क्रियापदे गप्पांची.

दुसरी चूक बोली आणि शैली यांची सरमिसळ. प्रदेशाची बोली ही शैली नाही. कुठल्याही बोलीत हुकूम देता येतो, कीर्तन करता येते, थट्टा करता येते. अप्रमाण रूप दिसले म्हणून मजकुराला संवादी ठरवू नका; त्या बोलीत तो किती औपचारिक आहे ते पाहा.

विडंबन तिसरे. 'उपरोक्त मांजरीने सदरहू दूध प्राशन केल्याचे निदर्शनास आले आहे' यात सगळ्या खुणा कार्यालयीन, पण मांजर बसत नाही. खुणा गरजेपेक्षा दाट आणि विषय हलका असेल तर शैली उसनी घेतलेली आहे. खरा कारकून 'उपरोक्त', 'सदरहू' आणि 'निदर्शनास' एवढ्या जवळ जवळ ठेवत नाही, त्याला पुढचा कागद उरकायचा असतो.

चौथे म्हणजे भाषांतराची मराठी. ती कुठल्याच शैलीची नसते आणि सगळीकडे घुसते. खुणा: जिथे 'ने' पुरेल तिथे 'द्वारे', जिथे 'तून' पुरेल तिथे 'च्या माध्यमातून', प्रत्येक नामाआधी 'एक', आणि 'जो' ने सुरू होऊन तीन ओळी लांबणारे उपवाक्य. हिंदीतून आलेल्या मजकुरात 'मला मदत कर' ऐवजी 'माझी मदत कर', 'पुष्कळ' ऐवजी 'खूप सारे'. या खुणा दिसल्या तर आधी भाषांतर बाजूला करा, मगच शैलीचा विचार करा. नाहीतर मूळ भाषेचे वळण लेखकाच्या माथी मारले जाते.

शैलीवरून लेखक ओळखायचा असेल तर

तेव्हा बारक्या शब्दांचे महत्त्व आणखी वाढते. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने टोपणनावाने लिहिलेल्या फेडरलिस्ट निबंधांपैकी बारा निबंध अलेक्झांडर हॅमिल्टनचे की जेम्स मॅडिसनचे, हा जुना वाद होता. १९६४ साली फ्रेडरिक मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी विषय आणि विचार बाजूला ठेवून 'अपॉन' (upon, म्हणजे 'वर') सारख्या क्षुल्लक शब्दांची वारंवारता मोजली. हॅमिल्टन तो शब्द सर्रास वापरत असे, मॅडिसन क्वचित. निकाल मॅडिसनच्या बाजूने गेला.

मराठीत असेच मोजायचे तर या जोड्या घ्या: 'व' आणि 'आणि', 'पण' आणि 'परंतु', 'साठी' आणि 'करिता', '-मध्ये' आणि '-त', '-ल्यास' आणि 'तर', 'करीत' आणि 'करत'. प्रत्येक लेखकाचा किमान दोन-तीन हजार शब्दांचा खात्रीचा मजकूर हवा, आणि तो एकाच प्रकारचा हवा. एकाची पत्रे आणि दुसऱ्याचे लेख तोलले तर माणसांमधला फरक न सापडता पत्र आणि लेख यांतला फरक हाती येतो. प्रत्येक हजार शब्दांमागे किती वेळा, असे आकडे काढा. आणि मजकूर संपादकाच्या हाताखालून गेला असेल तर 'करीत-करत' ची जोडी सोडून द्या, ती संपादकाची असू शकते.

एक मिश्र उतारा सोडवून

वाचनालयातली सूचना, अशी: "सर्व सभासदांस कळविण्यात येते की, पुस्तकांची पाने दुमडण्यात येऊ नयेत. तरीही काही जण दुमडतातच. आणि वर विचारतात, खूण कशी ठेवायची? अहो, कागदाचा एक कपटा पुरे झाला की! एवढे साधे कसे कळत नाही? पाने दुमडलेली आढळल्यास दंड आकारण्यात येईल."

तुकडा छोटा आहे, तरी खुणा दाट आहेत. पहिल्या आणि शेवटच्या वाक्यात '-स', 'कळविण्यात', '-ण्यात येऊ नयेत', '-ल्यास', 'आकारण्यात येईल': निखळ कार्यालयीन, कर्ता गायब. मधल्या चार वाक्यांत '-तातच', 'अहो', 'की!', दोन प्रश्न: सगळे संवादी. शब्दांची संख्या मोजली तर संवादी जिंकेल. पण बंधन घालणारी, दंड लावणारी वाक्ये टोकांची आहेत आणि मजकुराचे काम तीच करतात, म्हणून प्रकार कार्यालयीन सूचना हाच. मधला भाग म्हणजे लिहिणाऱ्याचा सुटलेला संयम. त्यातही एक खूण बघा: इतक्या तावातावातही 'एवढे साधे' लिहिले आहे, 'एवढं साधं' नाही. तोंड बोलत होते, हात अजून टेबलावरच होता.